फसलेला सुरुंग

माझ्या वडिलांनी उभं आयुष्य एक डोंगर फोडण्यात घालवलं, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. दगड लागतोच. रस्त्याला लागतो, पुलाला लागतो. आमच्या शहरातल्या शाळेच्या, दवाखान्याच्या, रेल्वे स्टेशनच्या पायात त्याच खाणीतला दगड आहे. "हे शहर माझ्या सुरुंगांवर उभंय," असं बाबा जेवताना म्हणायचे. "आणि माझ्या फडक्यावर," असं आई म्हणायची, कारण खाणीची पांढरी धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी घरात शिरायची आणि दिवसातून कितीदा पुसलं तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता यायचं.

बाबा खाणीतले मुख्य सुरुंगवाले. कड्याच्या माथ्यावर छिद्रं कुठे पाडायची, त्यात दारू किती भरायची, कुठला बार आधी उडवायचा आणि कुठला मागून, हे सगळं ते ठरवायचे. भोंगा वाजला की बाया अंगणातली बाळं आत घ्यायच्या, धडाम् आवाज व्हायचा, कपाटातल्या बश्या खळखळायच्या आणि आई म्हणायची, "झालं यांचं." त्या आवाजांनी बाबांचा डावा कान गेला. त्यामुळे ते सगळ्यांशी उजवा खांदा पुढे करून बोलत, आणि मोठ्यांदा बोलत.

त्यांचा सगळा अभिमान एका भिंतीत होता. खाणीच्या पूर्वेचा कडा त्यांनी असा कापला होता की वरून ओळंबा सोडावा तर खालपर्यंत दगडाला टेकून जावा. दुसऱ्या खाणींतले इंजिनियर ती भिंत बघायला यायचे. आमच्या बैठकीच्या खोलीत आजही फोटो आहे. भिंतीसमोर बाबा, डोक्याला हेल्मेट, छाती पुढे, आणि मागे तो करडा कडा, सुरीनं कापल्यासारखा.

आणि त्यांची सगळी लाज होती उत्तरेच्या कोपऱ्यात. तिथे एकदा दगडाच्या पोटात मातीचा थर निघाला. बाहेरून कळायला काही मार्गच नव्हता. बार उडाला, पण कडा सरळ सुटायच्या ऐवजी मधेच बसला. घराएवढे धोंडे एकमेकांवर आडवेतिडवे कलंडले, त्यांच्यावर लहान दगड, त्यांच्यावर माती. तो ढिगारा उपसायचा खर्च दगडाच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणून कंपनीनं तो कोपरा तसाच सोडून दिला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'केक'. भट्टीतून काढल्यावर मधेच बसलेला केक असतो तसा. बाबा त्या बाजूनं जायचे टाळत. जावंच लागलं तर मान वळवून जात.

पुढे खाण बंद पडली. पाणी उपसणारे पंप थांबले आणि खड्ड्यात हिरवट पाणी चढत गेलं. कंपनी कुंपण घालून निघून गेली. लोकांनी कुंपणावरून जुन्या गाद्या, फुटके कमोड, बंद पडलेले फ्रीज आत टाकायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, शहराचा कचरा टाकून खड्डा बुजवा. कोणी म्हणालं, गाड्या ठेवायला जागा करा. बऱ्याच वादावादीनंतर नगरपालिकेनं ठरवलं की तिथे लोकांसाठी मोकळी हिरवी जागा करायची, आणि त्या कामावर एका बाईंची नेमणूक झाली.

त्या बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी दुकानातून नुकतीच परतले होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून चौकटीत बसवते. दारात एक ठेंगणीशी बाई उभी होती. उन्हानं नाक सोललेलं, अंगात पुरुषी शर्ट, पायात चिखलानं भरलेले बूट. आईचं लक्ष आधी त्या बुटांकडेच गेलं. पण बाईंनी बूट बाहेर काढले, आणि त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते भोक बघितलं आणि आई त्यांच्या पक्षात गेली ती कायमची.

बाबांनी भिंतीचा फोटो दाखवला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "काका, काम मोठं सुंदर आहे. पण मला ही भिंत पाडायची आहे."

बाबांनी उजवा कान पुढे केला. "काय करायची आहे?"

"पाडायची. अशा सरळ कड्यावर काही धरत नाही. बी पडलं की घसरतं, पाणी पडलं की घसरतं. शिवाय खाली लोक फिरणार, वरून दगड सुटले तर?"

"मग आणा की मशिनं. सरळ उतार करा, वर माती टाका, हिरवळ लावा. त्याला मी कशाला?"

"सरळ उतार नकोय मला. डोंगर असा पट्टीनं आखल्यासारखा कुठे असतो? आणि विकतची माती टाकली की पहिल्या पावसाळ्यात नुसतं तण माजतं, बाकी काही वर येत नाही."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"केक," बाई म्हणाल्या. "मला केक हवाय काका."

आतून आईनं आवाज दिला, "केक नाहीये हो घरात! बिस्किटं चालतील का?"

मला हसू आवरेना, पण बाबांचा चेहरा बघून ते तिथेच जिरलं. त्यांनी फोटो बाईंच्या हातातून काढून घेतला, खिळ्याला लावला, आणि मागच्या खोलीत निघून गेले. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. जुन्या कामगारांकडून त्यांनी ते नाव ऐकलं होतं, पण ते बाबांच्या किती वर्मी लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. आई बिस्किटांची बशी घेऊन आली तर बैठकीत आम्ही दोघीच, एकमेकींकडे बघत.

बाबांनी त्यानंतर बाईंचं नाव काढू दिलं नाही. "थट्टा करायला घरापर्यंत येतात," एवढंच म्हणायचे. बाईंनी मात्र निरोप पाठवला की काका, काही करू नका, फक्त एकदा येऊन बघून जा. बाबा जाणार नव्हतेच. शेवटी आई म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी जाते. एवढी वर्षं डबा भरून दिला, तो कुठे उघडला जायचा ते तरी बघू दे." मग काय, बाबांना बूट घालावेच लागले.

आम्ही तिघं बाईंच्या मागून खाणीत उतरलो. खाली पाण्याच्या काठानं सगळं उघडंबोडकं, करडं. दगडाचा चुरा बुटाखाली करकरत होता. उन्हात डोळे दिपत होते. कुठे पान नाही, पाखरू नाही. आई म्हणाली, "बाई गं, इथे होता तुम्ही सगळा जन्म?" बाबा पुढे चालत राहिले. मग आम्ही उत्तरेच्या कोपऱ्याकडे वळलो आणि हवाच बदलली. गारवा आला. ओलसर वास आला.

मी तो ढिगारा पहिल्यांदाच बघत होते. धोंड्यांच्या फटींत माती साचली होती, आणि जिथे माती होती तिथे काही ना काही उगवलं होतं. सावलीच्या बाजूला नेचे. उन्हाच्या बाजूला बारीक पिवळ्या फुलांचं गवत. दोन शिळांच्या मधून एक रानअंजीर बाहेर आलं होतं, त्याची मुळं दगडाला मिठी मारून खाली उतरली होती. कुठूनतरी पाणी झिरपत होतं आणि त्याच्या काठानं शेवाळाची गादी झाली होती. एक सरडा आईकडे बघून मान हलवत होता. आईही त्याच्याकडे बघून मान हलवत होती.

बाई बोलल्या नाहीत. मला त्यांचं हेच पुढेही आवडत गेलं, की दाखवायचं असेल तेव्हा त्या गप्प राहायच्या. बाबा धोंड्यांवर चढले. हात लावत, वाकून बघत वरपर्यंत गेले. बराच वेळ त्यांची फक्त टोपी दिसत होती. खाली आले तेव्हा त्यांच्या शर्टाला जागोजागी कुसळं चिकटली होती.

"हे मी केलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण एवढ्या मोठ्या खाणीत ह्यांना राहायला जागा फक्त इथेच मिळाली. कंपनीनं लावलेली झाडं जळाली. नगरपालिकेनं टाकलेलं बी पाखरांनी खाल्लं. इथे कोणी काही लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही."

बाबा वळून पूर्वेच्या भिंतीकडे बघू लागले. मग म्हणाले, "बाई, चूक होते. ती करता येत नाही. मुद्दाम कशी करायची?"

"मला नाही माहीत. म्हणून तर तुमच्याकडे आले."

दुसऱ्या दिवशी आई धुण्याचा साबण काढायला गेली तर कपाटात एकही वडी नव्हती. सगळ्या वड्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होत्या आणि बाबा त्यांना विणकामाच्या सुईनं भोकं पाडत होते. भोकं पाडायची, त्यांत काड्या ठोकायच्या आणि वडी कशी फुटते ते बघायचं. आधी सवयीनं सगळं सरळच फुटत होतं. बाबा चिडत होते. "हात वळत नाही गं," ते मला म्हणाले. "नीट काम एका रीतीनं होतं. बिघडवायचं तर प्रत्येक ठिकाणी निराळं बिघडवावं लागतं. इथे दोन भोकं जवळ, तिथे लांब, एक उथळ, एक तिरकं."

"आणि मी धुणं काय दगडावर आपटून धुऊ?" आई म्हणाली. पण संध्याकाळी तीच आणखी साबण घेऊन आली आणि म्हणाली, "हा स्वस्तातला आहे, ह्याच्यावर करा काय ते."

बाबांचा परवाना संपलेला होता, म्हणून प्रत्यक्ष सुरुंग बाहेरच्या कंपनीची माणसं लावणार आणि छिद्रांच्या जागा बाबा आखून देणार, असं ठरलं. यंत्रं आली. बाबा खडू घेऊन कड्याच्या माथ्यावर गेले, पोटावर पालथे झाले, आणि भिंत वरून कशी दिसते ते बघायला डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात त्यांच्या नाकासमोरून काहीतरी असं सुसाटत गेलं की त्यांची टोपी उडून खाली पाण्यात पडली.

ससाणा होता. भिंतीच्या वरच्या अंगाला, जिथे दगडाची एक कपार राहिली होती, तिथे जोडीनं अंडी घातली होती.

बाईंनी काम थांबवलं. कंपनीचा मुकादम वैतागला. "दोन पाखरांसाठी एवढी यंत्रं उभी ठेवायची?"

"पिल्लं उडेपर्यंत," बाई म्हणाल्या. "त्यानंतर तुम्ही म्हणाल त्या दिवशी."

बाबाही त्यांच्यावर रागावले. इतक्या मुश्किलीनं मन तयार केलं होतं, आता थांबायचं म्हणजे काय! पण घरी बसवेना. मी दुकानातली एक जुनी दुर्बीण काचा बदलून त्यांना दिली, आणि मग बाबा रोज सकाळी समोरच्या काठावर जाऊन बसू लागले. संध्याकाळी बातम्या घरी यायच्या. मादीनं आज एक कबूतर आणलं. पिल्लं पांढरी आहेत, कापसाच्या बोळ्यांसारखी. एक पिल्लू आगाऊ आहे, काठावर येतं, त्याला आई चोच मारून मागे लोटते. "तुमच्यापेक्षा बरी लक्ष ठेवते," आई म्हणायची.

याच दिवसांत एकदा बाई बाबांच्या शेजारी दगडावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, माझं चुकलं. मी सगळी भिंत पाडायला निघाले होते. ह्यांना सरळ कडाच लागतो, जिथे खालून साप चढणार नाही, वरून मांजर उतरणार नाही. हा वरचा भाग तसाच ठेवू या. बाकीची पाडू."

बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावूनच ठेवली. मग मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे माझी भिंत पास झाली म्हणायची!" आणि कपारीतली मादी दचकून उडाली. त्या संध्याकाळी घरी आले ते शीळ घालत. बाबा शीळ घालतात हे मला त्या दिवशी कळलं.

पिल्लं उडाली. भिंतीचा तो तुकडा वाचेल अशी नवी आखणी झाली. ज्या दिवशी सुरुंग उडवायचा होता त्या दिवशी अर्धं शहर समोरच्या टेकाडावर जमलं होतं. जुने कामगार पांढरे केस विंचरून आले होते. कंपनीच्या माणसांनी भोंगा वाजवायचा मान बाबांना दिला. भोंगा वाजला. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

एकच एक धडाम् झाला नाही. आधी डावीकडे एक ठोका, मग लांब उजवीकडे, मग मधे दोन जवळजवळ, जसं कोणी मोठ्या घरात दारं आपटत फिरतंय. भिंत क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिचा खांदा खचला, कंबर वाकली, आणि ती एखादं थकलेलं माणूस खाली बसावं तशी बसली. धुळीचा लोट वर आला. तो विरला तेव्हा तिथे एक उंचसखल, धोंड्यांची, घळींची, ओबडधोबड उतरंड होती, आणि तिच्या डोक्यावर ससाण्याचा तुकडा शाबूत.

"वाईट," बाबा डोळे उघडून म्हणाले. "इतका वाईट बार मी जन्मात उडवला नाही." आणि जुने कामगार हसत हसत त्यांच्या पाठीवर थापा मारू लागले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या म्हणाल्या, धूळ गेली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण खरं कठीण त्यानंतर होतं. नगराध्यक्षांना घाई होती. लोकांना झाडं दिसली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. बाई थांबा म्हणत होत्या, पण शेवटी त्यांनी मान तुकवली आणि शाळा, मंडळं, बँका, सगळ्यांनी येऊन रोपं लावली. भाषणं झाली. उन्हाळा आला आणि सगळी रोपं वाळून गेली. काठीला बांधलेल्या काटक्या नुसत्या रांगेनं उभ्या. वर्तमानपत्रात फोटो आला. बाई नगरपालिकेच्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं आणि तरी मी हो म्हटलं. जबाबदारी माझी. आता मला माझ्या पद्धतीनं करू द्या."

त्यांची पद्धत बघून लोक आणखीच हसले. नदीपलीकडे एक जुनं माळरान होतं, कधी नांगरलं न गेलेलं. तिथलं गवत बी धरल्यावर बाईंनी कापून आणलं आणि खाणीच्या उघड्या दगडावर पसरून दिलं. बस्स. खत नाही, माती नाही, पाणी नाही. गवताबरोबर बी येतं, बियांबरोबर किडे येतात, आणि सुकलेलं गवत वरून सावली धरतं, असं त्यांचं सांगणं. शहराला दिसलं ते एवढंच की पगारी बाई खड्ड्यात कडबा पसरतेय. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'गवतबाई'.

बाबांचेही ते दिवस वाईट गेले. सकाळी दूध आणायला गेले की दूधवाले हटकून विचारायचे, "काय, उगवला का तुमचा डोंगर?" ते हसून परतायचे, पण घरी आल्यावर फोटोकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "चांगली भिंत होती गं."

पुढच्या वर्षी नगराध्यक्ष स्वतः पाहणीला आले. बरोबर आराखडा होता. खाली फरशी, सिमेंटचे हत्ती-जिराफ, पाण्यात कारंजं. बाईंनी निरोप धाडल्यामुळे बाबा आणि आईही गेले होते, मी सुट्टी काढून. बाई म्हणाल्या, "साहेब, आराखडा उघडण्याआधी जरा इथे बसता का?" नगराध्यक्ष इकडेतिकडे बघून एका धोंड्यावर बसले. उतारावर गवत होतं, गुडघ्याएवढं, विरळ. लांबून ते करडंच दिसायचं. पण बसल्यावर दिसत होतं की त्यात निळी फुलं आहेत, जांभळी आहेत, आणि त्यांच्यावर काहीतरी सतत हलतंय. फुलपाखरं, मधमाश्या, गवताच्या काडीवर झोके घेणारे नाकतोडे. खाली पाण्यावर लाल चतुर घिरट्या घालत होते. साहेबांच्या बुटावर एक हिरवा किडा चढला. त्यांनी पाय झटकला नाही, उलट पाय स्थिर धरून त्याला चढू दिलं.

"हे सगळं त्या कडब्यातून आलं?" त्यांनी विचारलं.

"काही त्यातून. काही आपल्या पायानं आलं," बाई म्हणाल्या.

"लहानपणी माझ्या आजोळी असलं गवत असायचं," नगराध्यक्ष म्हणाले.

आईनं तोंड उघडलं. "साहेब, सिमेंटचा जिराफ काय, कुठेही बघायला मिळतो. माझ्या घरात आयुष्यभर इथली धूळ आली. काल खिडकीच्या काचेवर फुलपाखरू येऊन बसलं होतं. ते इथूनच आलं, मला माहितीय. तेवढं येऊ द्या."

आराखडा उघडला गेला नाही. नंतर पाय घसरू नये म्हणून कठडे झाले, पाण्याकडे उतरायला लाकडी पायवाट झाली, बाकं आली, दगडाच्या गाड्या वजन करायच्या जुन्या काटाघराची खोली झाडून तिथे पिण्याच्या पाण्याची सोय झाली. कुंपण काढलं. दार ठेवलं नाही, म्हणून उद्घाटनाची फीतही बांधता आली नाही. लोक आपले येऊ लागले. आधी कुत्री फिरवणारे, मग प्रेमात पडलेले, मग दवाखान्यातून सुटलेले, काठी टेकत. दुपारी शिफ्ट संपलेल्या परिचारिका तिथे चपला काढून बसलेल्या मी पाहिल्यात. ज्यांनी सगळ्यात जास्त थट्टा केली होती ते दूधवाले आता पाहुण्यांना घेऊन येतात आणि "आमची खाण" असं म्हणतात.

बाबांना तिथे भेटायचं तर शोधावं लागत नाही, आवाज ऐकू येतो. कुठला धोंडा कुठून सुटला आणि कुठे अडकला ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत असतात. झाडांची नावं मात्र धडाधड चुकीची सांगतात आणि आई मागून दुरुस्त करत चालते. गुडघे दुखतात म्हणून देवघरापर्यंतही जायला कुरकुरणारी आई रोज त्या चढावर कशी जाते ते मला कळत नाही. उतारावर आता झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. घळींमध्ये सावली आहे, सावलीत नेचे आहेत. नवखा माणूस बघतो तर त्याला वाटतं, इथे निसर्गानं काही घडवलं आणि माणसानं फक्त वाट बांधली. बाईंना हे कोणी सांगितलं की त्या खूष होतात. त्यांना स्वतःचं नाव कुठे नकोच असतं.

बाईंना पुढे दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळालं. तिथली खाण इथल्यापेक्षा मोठी आणि भकास. तरी वर्षातून एकदा, गवत कापायच्या दिवशी, त्या येतात. गवत कापावं लागतं, नाहीतर झुडपं सगळं गिळतात. त्यासाठी कोणाला पैसे देऊन आणत नाहीत. शहरातलेच लोक विळे घेऊन येतात.

गेल्या खेपेला बाई आल्या त्या रात्रभर प्रवास करून. सकाळी सगळ्यांशी बोलल्या, कुठून कुठे कापायचं ते हातानं दाखवलं, आणि उन्हाला पाठ करून गवतात जरा बसल्या. बसल्या त्या आडव्या झाल्या आणि आडव्या झाल्या त्या झोपल्या. आम्ही कापत कापत त्यांच्यापर्यंत आलो तेव्हा तोंड किंचित उघडं, हात डोक्याखाली, एक बूट निसटलेला. आईनं ओठांवर बोट ठेवलं. कोणी काही ठरवलं नाही, पण सगळे बाजूनं वळसा घालून गेले. दुपार होईपर्यंत सगळा उतार कापून झाला होता आणि मधे उंच गवताचं एक बेट राहिलं होतं, आत बाई.

जेवायची वेळ झाली तेव्हा त्या जाग्या झाल्या. उठून बसल्या तर फक्त डोकं गवतावर. चारी बाजूंनी आम्ही भाकऱ्या-भाज्या, पाव, जे ज्यानं आणलं ते मांडून बसलो होतो. त्यांनी डोळे चोळले, आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कोणी उठवलं का नाही?"

"काकूंनी ओठांवर बोट ठेवलं होतं," दूधवाले म्हणाले.

एकजण विळा घेऊन ते बेट कापायला उठला. बाईंनी हात वर केला. "राहू द्या तेवढं," त्या म्हणाल्या. "किड्यांना थंडीत निवाऱ्याला लागतं." आणि एक बूट हातात घेऊन, केसांतली कुसळं काढत, त्या गवताबाहेर आल्या आणि आईशेजारी जेवायला बसल्या.